आठ नंबरची खिडकी

आजारातून उठलेली माणसं लिहायला बसली की धीर, श्रद्धा आणि घरच्यांचं प्रेम याबद्दल लिहितात. वाचनालयात तीस वर्षं नोकरी केल्यामुळे असली पुस्तकं मी पुष्कळ हाताळली. आजारी पडले तेव्हा त्यांतलं एकही कामाला आलं नाही, कारण दवाखान्यात जी भावना माझ्या उशाशी सर्वांत जास्त वेळ बसून होती तिचा त्यांत उल्लेखच नव्हता. मला मत्सर वाटत होता. चालणाऱ्यांचा, घास गिळणाऱ्यांचा, स्वतःच्या मनाने कुशीवर वळणाऱ्यांचा, आणि सगळ्यांत जास्त आठ नंबरच्या खाटेवरच्या सुगंधाबाईंचा. कुणी या क्षणी उताणं पडून शेजारच्या खाटेकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत असेल, तर हे त्याच्यासाठी आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही.

चप्पल

सुरुवात चपलेपासून झाली. रत्नागिरीच्या बाजारात मासळी घ्यायला गेले होते. मागून कोळीण ओरडली, "ओ बाई, चप्पल टाकून कुठं चाललात?" डाव्या पायातली चप्पल दहा पावलं मागे राहिली होती आणि मला पत्ता नव्हता. दोघी हसलो. दुसऱ्या दिवशी घराच्या पायऱ्या चढता येईनात. तिसऱ्या दिवशी माझा नवरा सदानंद आणि शेजारचे काका यांनी मला खुर्चीसकट उचलून रिक्षात घातलं.

डॉक्टरांनी गुडघ्यांवर छोटी हातोडी मारून बघितली. पाय हलले नाहीत. त्यांनी विचारलं, "पंधरा दिवसांपूर्वी पोट बिघडलं होतं का?" बिघडलं होतं. मग तपासण्या झाल्या आणि संध्याकाळी आजाराला नाव मिळालं: जीबीएस. शरीराचं रक्षण करणारी फौज गोंधळून स्वतःच्याच नसांवर तुटून पडते, एवढं मला समजलं. पायांपासून सुरू होऊन अशक्तपणा वर चढतो. छाती आणि घसा इथे तो पोचला तर धोका. "बहुतेक पेशंट बरे होतात," डॉक्टर म्हणाले. मी त्या 'बहुतेक'ला चिकटून बसले. बहुतेक पुस्तकं परत येतात, असं मीही सभासदांना सांगत असे.

सदानंद एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेला माणूस. तो म्हणाला, "डॉक्टर, साधारण किती दिवस?"

"सांगता येत नाही."

"नक्की टायमिंग नको. गाडी सुटली आहे का, एवढं सांगा."

डॉक्टर हसले नाहीत. सदानंदही विनोद करत नव्हता. त्याचा हात माझ्या पायावर होता आणि तो तिथे आहे हे मला फक्त दिसत होतं.

एक नंबर

बायकांचा वॉर्ड म्हणजे एक लांबट खोली आणि आठ खाटा. एका टोकाला दार, दाराशी सिस्टरांचं टेबल, टेबलाला लागून एक नंबरची खाट. ती माझी. दुसऱ्या टोकाला मोठी खिडकी, खिडकीखाली आठ नंबर, आणि तिच्या पलीकडे लगेच बाथरूम. मध्ये एक जाडजूड खांब.

एक नंबरवर दिवसभर ट्यूबलाइट डोळ्यांत. टेबलाचे खण उघडझाप, फोन, ट्रॉलीची चाकं, "मावशी, भांडं कुणाला हवंय?" ही खणखणीत चौकशी. मला सगळ्या मावशी म्हणत; एकीने आजी म्हटलं, तिचं मी नाव लक्षात ठेवलं आहे. मान उचलता येत नसल्यामुळे माझ्या वाट्याचं जग म्हणजे छत. छतावर ओलीचा एक डाग होता. पहिल्या दिवशी तो मला श्रीलंकेसारखा वाटला. चौथ्या दिवशी बटाट्यासारखा.

आणि तिकडे आठ नंबरवर सुगंधाबाई. केळशीच्या. मुलगी मिरजोळ्याला दिलेली, तिच्याकडे चार दिवस राहायला आल्या आणि शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. साखर जास्त असल्यामुळे जखम भरायला वेळ लागत होता, म्हणून मुक्काम लांबलेला. तेवढं सोडलं तर बाई ठणठणीत. उठून बसायच्या. वॉकर धरून बाथरूमला जायच्या, आणि जाताना माझ्या दिशेने "काय गो बाय, आज बरं हाय ना?" असं अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारायच्या. होडीवरून किनाऱ्याला हाक मारण्यात आयुष्य गेलेलं. माझा आवाज तोवर पुटपुटण्यावर आला होता.

सदानंद सकाळी दहाला पेज घेऊन यायचा. मला चमचा-चमचा भरवायचा, तोंड पुसायचा आणि म्हणायचा, "जरा वारा घेऊन येतो." वारा आठ नंबरजवळ होता. तिथल्या खिडकीतून खालचा रस्ता दिसे आणि रस्त्याने एसट्या जात.

"ती बघा, दापोली. अकरा मिनिटं लेट."

"तुमाला हितनं कसं कळतंय हो?"

"आवाजावरून. गिअर बघा कसा टाकला. हा नवीन ड्रायव्हर."

त्यावर सुगंधाबाईंचं खळखळून हसणं. केळशीहून त्यांच्या भावाने ड्रायव्हरच्या हाती सुकटीची पुडी पाठवलेली असायची. मुलगी तिची चटणी करून आणायची, आणि वास माझ्या नाकापर्यंत यायचा. नाकाची नस तेवढी आजाराने शाबूत ठेवली होती. एकदा सदानंद परत आला तेव्हा त्याच्या मिशीला लसूण लागलेला होता.

"खाल्लंत?"

"आग्रह केला त्यांनी."

मी डोळे मिटून घेतले. भांडण करायला लागणारा श्वास माझ्याकडे नव्हता. याबद्दलही मला त्या दोघांचा हेवा वाटला. त्यांच्याजवळ तो भरपूर होता आणि ते तो बसगाड्यांवर खर्च करत होते.

हिरव्या टिकल्या, लाल टिकल्या

दवाखान्याच्या ट्रस्टला नवी इमारत बांधायची होती. एके दिवशी अध्यक्षसाहेब पाहुणे घेऊन वॉर्डात आले. पुष्पगुच्छ दिले-घेतले गेले. "रुग्ण हाच आमचा देव," साहेब दाराशी उभे राहून म्हणाले. त्या क्षणी आठांपैकी एक दैवत भांड्यावर बसलेलं होतं आणि पडदा पुरत नव्हता.

पाहुण्यांपैकी अनुजा नावाची मुलगी मागे राहिली. ती वास्तुरचनेची विद्यार्थिनी. दवाखान्यात जे झोपतात आणि जे राबतात त्यांना धरून जागा कशी रचावी, यावर तिचा अभ्यास चालला होता. तिने सिस्टरांच्या कमरेला पावलं मोजणारी यंत्रं लावली. नकाशावर त्यांच्या फेऱ्यांच्या रेघा काढल्या. आम्हा पेशंटना हिरव्या आणि लाल गोल टिकल्या दिल्या: जिथे बरं वाटतं तिथे हिरवी, जिथे नको वाटतं तिथे लाल, नकाशावर चिकटवायची. कल्पना चांगली होती, हे मला मान्य करावं लागलं, आणि तेही जड गेलं.

ती अर्थातच आधी सुगंधाबाईंकडे गेली. तासभर बसली. सुगंधाबाईंनी एक हिरवी टिकली कपाळाला लावून घेतली आणि वॉर्डात हशा पिकला. तीस वर्षं पुस्तकं वाचलेली बाई इथे पडून आहे आणि संशोधनाला केळशीची म्हातारी पुरते, असं माझ्या मनात आलं. म्हातारी माझ्याहून दोन वर्षांनी लहान होती.

माझ्याकडे ती आली तेव्हा बोटांत टिकली धरण्याची ताकद नव्हती. "काकू, कुठे लावू?"

"लाल," मी म्हटलं. "सगळ्या. माझ्या खाटेवर."

तिने कान जवळ आणून ऐकलं, लावल्या, आणि सहज म्हणाली, "हे अजून कच्चं आहे हां, पण नोंदवहीवरून तसंच दिसतंय. खिडकीजवळचे पेशंट लवकर घरी जातात. एक-दोन नंबरचे खूप दिवस राहतात. उजेड, वारा, बाहेरचं दृश्य... फरक पडतो."

छापील मजकुरावर शंका घेणं हा माझा जुना छंद. या वाक्यावर मात्र मी घेतली नाही. ते माझ्या मत्सराच्या मापाने शिवल्यासारखं होतं.

फोन

वॉर्डाच्या इनचार्ज शिर्के सिस्टर. मी त्यांच्याकडे आठ नंबर मागितला.

"नाही मावशी."

"का?"

"आठ नंबर टेबलावरून दिसत नाही मला. खांब आहे मध्ये." आणि त्या इंजेक्शन भरायला लागल्या. मला वाटलं, हा हुकूमशहांचा जुना नमुना: कारण एका ओळीत द्यायचं आणि पाठ फिरवायची.

मी सदानंदला म्हटलं, "अध्यक्षांना फोन करा. गणपतीत तुमच्याकडूनच मुंबईच्या गाडीला सीट घेत होते ना दरवर्षी?"

"त्या बाईला उठवायचं तिथून?"

"तुम्हाला तिचीच काळजी."

हे वाक्य बोलायला मला तीन श्वास लागले, त्यामुळे ते आणखीच लागलं असावं. सदानंद काही वेळ पेजेच्या डब्याचं झाकण लावत राहिला. मग फोन घेऊन बाहेर गेला. नोकरीत असताना त्याने स्वतःच्या बहिणीसाठीदेखील कुणाला उठवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी खाट हलली. साहेब जातीने हजर होते. त्यांनी माझा निर्जीव हात हातात घेऊन हलवला. शिर्के सिस्टर भिंतीकडे बघत होत्या. सुगंधाबाईंना सात नंबर दिला.

"खिडकी काय मी माहेरनं आणलेली?" त्या वॉकरवर वजन टाकत म्हणाल्या. "घे गो बाय, बघ पोटभर."

त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आणि खिडकीतून काय दिसलं? समोरच्या इमारतीवरची पाण्याची काळी टाकी, अर्धी. तिच्यावर एक कावळा, येऊन-जाऊन. रस्ता, गाड्या, ती सगळी वर्दळ फक्त उठून बसणाऱ्याला दिसत होती. उशीवरून खिडकी म्हणजे दुसरं छत होतं, किंचित निळं.

दुपारी दोन

दोनला ड्युटी बदलते. सकाळच्या सिस्टर टेबलाशी उभ्या राहून दुपारच्यांना एकेक पेशंट सांगतात. सदानंद आंघोळीला घरी गेला होता. मला तहान लागली. नळीचा पेला उशाशी होता. खिडकीजवळ आल्यावर माणूस बरं होतं, हे मला सिद्ध करायचं होतं. निदान पाणी तरी कुणाला न विचारता प्यायचं होतं. मी मान वळवून नळी तोंडात धरली आणि ओढलं.

पाणी नको त्या वाटेने गेलं. खोकला येईना. खोकायला जोर लागतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. घंटीचं बटण दुसऱ्या हाताकडे होतं आणि तो हात कालपासून माझं ऐकत नव्हता. ओरडायला गेले, तर बाटलीचं बूच निघावं तसा बारीक आवाज आला. खांबापलीकडे सकाळच्या सिस्टर माझी माहिती दुसरीला सांगत होत्या: "आठ नंबर, जीबीएस, सकाळपासून ठीक." खिडकीतला निळा चौकोन कडांनी काळा होत आला.

मग धाडधाड आवाज. सात नंबरवर सुगंधाबाई स्टीलच्या ताटलीवर चमचा आपटत होत्या आणि समुद्रावरच्या आवाजात ओरडत होत्या, "सिस्टर! धावा गो! ह्या बायचा जीव चाललाय!"

शिर्के सिस्टर धावल्या. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. कुशीवर वळवलं, घशात नळी गेली, खाट धावायला लागली. दोन दिवस आयसीयूत होते. त्या धावपळीतही एक क्षण स्पष्ट आठवतो. जीव वाचवणारीच्या आवाजाचा मला हेवा वाटला होता.

शिर्के सिस्टरांची पद्धत

परत आणलं ते एक नंबरवर. सदानंद पायथ्याशी बसला होता, दाढी वाढलेली. शिर्के सिस्टर बोलल्या.

"एक नंबर म्हणजे शिक्षा वाटली तुम्हाला? ज्याच्यावरून माझी नजर हलता कामा नये ते एक नंबरला. जरा बरं झालं की दोन, मग तीन. ज्याला नुसतं हाडाचं दुखणं, ते पार तिकडे टोकाला. स्वतःच्या पायाने बाथरूमला जाता आलं की आठ. तिथून घर. पंचवीस वर्षं असंच लावते मी."

"कुठे लिहिलंय?" मी पुटपुटले.

"लिहायचं कशाला? दिसतंय की."

मी छताकडे बघत पडून राहिले आणि हळूहळू मला हसू यायला लागलं, म्हणजे हसण्यापुरता श्वास असता तर आलं असतं. खिडकीमुळे कुणी बरं होत नव्हतं. बरं होत होतं म्हणून खिडकीपर्यंत पोचत होतं. अनुजाने वहीतले आकडे बघितले होते. खाटा कोण लावतं, हे कुणालाच विचारलं नव्हतं. ज्या बाईच्या कमरेला यंत्र लावून तिची पावलं मोजली, तिला तोंड आहे हे राहून गेलं होतं. माझं तर त्याहून वाईट. मी विचारलं होतं, उत्तर मिळालं होतं, आणि ते ऐकलं नव्हतं.

पडल्या पडल्या वाचनालयही आठवलं. वर्तमानपत्रांचं टेबल मी वरच्या मजल्यावर ठेवलं होतं, कारण खाली हॉल मोकळा छान दिसे. म्हातारे वाचक कमी होत गेले तेव्हा, लोकांची वाचनाची आवड गेली, असा मी वार्षिक अहवालात शेरा मारला होता.

अनुजा आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. शब्दाशब्दाला थांबत सांगितल्यामुळे तिला ते पुरेपूर लागलं. तिचा चेहरा उतरला.

"काकू, माझा अर्धा अहवाल त्याच्यावर आहे. सर रागावतील."

"मग सिस्टरांकडे जा. त्या आत्ताच रागावून घेतात, नंतर शिल्लक ठेवत नाहीत."

ती गेली. चार दिवस ड्युटी बदलताना टेबलाशी उभी राहिली. नकाशा पुसून पुन्हा काढला. एकदा दोन नंबर रिकामा होता तर माझ्या शेजारी येऊन उताणी पडली. मग म्हणाली, "छत केवढं आहे हो. आम्ही ते कधी काढतच नाही, नुसतं पांढरं सोडतो."

"तो डाग बघ. कसला वाटतो?"

"श्रीलंका?"

"थांब चार दिवस."

खांबाचं काय करायचं, यावर ती आणि सिस्टर वाद घालत होत्या. खांब हलत नाही, टेबल हलवलं तर दार दिसत नाही. सदानंद पेज ढवळत ऐकत होता. तो म्हणाला, "घाटात वळणावर लावतात तसा फुगीर आरसा लावा की. समोरून येणारी गाडी दिसते, तर खाट नाही दिसणार?"

शिर्के सिस्टर म्हणाल्या, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"मला कुणी विचारलं नाही," माझा नवरा म्हणाला, आणि चमचा माझ्या तोंडाशी आणला.

आरसा लागला. साहेबांच्या हस्ते. फीत बांधली होती, नारळ होता, फोटोवाला होता. फीत कापून साहेबांनी वर पाहिलं तर त्यांचं कपाळ भोपळ्याएवढं झालेलं दिसलं. त्यांनी घाईने टोपी सारखी केली. भाषणात त्यांनी 'आमची संकल्पना' असा शब्द वापरला. सदानंदने टाळ्या वाजवल्या.

चौतीस पावलं

त्याआधीच सुगंधाबाई घरी गेल्या होत्या. जाताना माझ्याजवळ थांबल्या. मी माफी मागणार होते. वाक्य तयार करून ठेवलं होतं.

"ऱ्हाऊंदे गो," त्या म्हणाल्या. "मी पण तुझ्यावर जळत होते. तुझा घोव बघ, चमच्याने भरवतोय. माझ्याने चाळीस वर्षांत पाण्याचा तांब्या नाय दिला." आणि वॉकर टेकत दाराबाहेर पडल्या. मी त्यांची पावलं मोजली, आणि प्रत्येकावर जळले.

पुढचे आठवडे मी सांगत बसत नाही. आधी बोटं आली. मग कोपर, मग मान. दोन नंबर, तीन नंबर, पाच नंबर. सदानंद रोज विचारायचा, "कुठला स्टॉप आला?" व्यायाम घेणारी डॉक्टर मला उभं करायची आणि मी मोळी सुटावी तशी कोसळायचे. एक दिवस कोसळले नाही. त्यानंतर तीन आठवड्यांनी मी वॉकर धरून पाच नंबरवरून बाथरूमला गेले आणि परत आले, आणि शिर्के सिस्टर टेबलावरून न उठता म्हणाल्या, "मावशी, आठ नंबर."

या वेळी उठून बसले. रस्ता दिसला. दापोलीची गाडी गेली. लेट होती की नाही, हे आवाजावरून कळलं नाही. मान वळवली तर खांबासमोरच्या भिंतीवरच्या आरशात सगळा वॉर्ड वाकून मावला होता, आणि त्याच्या पार टोकाला एक नंबर. सकाळीच नवी बाई आली होती. चाळिशीतली, तापाने सुकलेली, हाताला दोन सलाइनं. ती छताकडे बघत नव्हती. आरशातून माझ्याकडे बघत होती. ती नजर मी लगेच ओळखली. इतके दिवस ती माझीच होती.

मी वॉकर घेतला आणि निघाले. आठ ते एक, चौतीस पावलं. तिच्या खाटेशी उभी राहून दम घेतला.

"तिथून काही दिसत नाही," मी म्हटलं. "झोपल्यावर नुसती पाण्याची टाकी दिसते. तुम्ही सिस्टरांच्या जवळ आहात, हेच चांगलं आहे."

"तुमचं काय जातंय बोलायला," ती क्षीण आवाजात म्हणाली. "तुम्हाला खिडकी मिळाली."

टेबलापाशी शिर्के सिस्टरांनी मान वर केली, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागल्या.

मी परत वळले. तिची नजर माझ्या पाठीत रुतलेली मला जाणवत होती. ती आता माझी पावलं मोजणार, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे ती मी जरा डौलात टाकली, हे कबूल केलं पाहिजे.